दोरीसाठी बांधलेली होडी

कयाक हा शब्द आता मराठी वाचकाला अगदीच परका राहिलेला नाही. ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर, नाहीतर गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या पिवळ्या-केशरी प्लॅस्टिकच्या होड्यांच्या रूपाने तो भेटलेला असतो. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हातात घ्यायचं, पाय पुढे पसरून बसायचं आणि डावी-उजवी करत निघायचं. मी राहतो त्या सिअ‍ॅटलच्या परिसरात तर उन्हाळा लागला की गाड्यांच्या टपांवर या होड्या बांधलेल्या दिसू लागतात, आपल्याकडे मे महिन्यात एस.टी.च्या टपावर आंब्याच्या पेट्या दिसाव्यात तशा.

मला कयाक घ्यायची होती ती मात्र नुसतं फिरायला नाही, तर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे एका खास प्रकारच्या गळाच्या मासेमारीसाठी. आता तुम्ही म्हणाल, होडी ती होडी. तीत बसून गळ टाका नाहीतर भेळ खा! पण तसं नाही, मंडळी. दुकानात मासेमारीच्या म्हणून निरनिराळ्या लांबी-रुंदीच्या इतक्या कयाक असतात की माणूस गांगरून जातो. रुंद घ्यावी की अरुंद? आत बसायची की वर बसायची? हाताने वल्हवायची की पायाने चालवायची? आणि विक्रेता प्रत्येक प्रश्नाला "डिपेंड्स" एवढंच म्हणतो. इंजिनिअरला अशा वेळी एकच उपाय ठाऊक असतो: ही वस्तू मुळात कोणी, कशासाठी आणि अशीच का बनवली हे शोधायचं. ते शोधता शोधता जे हाती लागलं ते दुकानातल्या माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी रंजक निघालं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नेहमीच्या गळाला गांडूळ, कोळंबी असं काहीतरी आमिष आणि शिशाचं वजन असतं. काठी झटकली की ते वजन पुढे जातं आणि आपल्यामागे दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमधलं आमिष म्हणजे एक खोटी माशी. बारीकशा गळाला पिसं, लोकर, केस, रेशीम गुंडाळून ती केलेली असते. तिचं वजन जवळजवळ शून्य. कोंबडीचं पीस जोरात फेकून बघा, हातभर लांबसुद्धा जात नाही. मग ही माशी पंधरा-वीस मीटरवरच्या माशापर्यंत पोचवायची कशी? तर वजन दोरीतच घालायचं. या मासेमारीची दोरी जाड आणि जड असते. काठीने ती आधी डोक्यावरून मागे फेकायची, हवेत पूर्ण उलगडू द्यायची, आणि सरळ ताणली गेली की पुढे मारायची, बैलगाडीवाल्याने चाबूक ओढावा तशी. दोऱ्यांना वजनाप्रमाणे नंबर असतात. ६ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १६० ग्रेन, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम, ८ नंबरचं २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. थोडक्यात, नेहमीच्या गळात दोरी वजनामागे जाते, आणि इथे माशी दोरीमागे जाते.

यातून दोन गोष्टी निघतात, त्या लक्षात ठेवा. एक म्हणजे मागे मोकळी जागा लागते, आणि हात पाण्यापासून जितके उंच तितकं बरं, नाहीतर मागे गेलेली दोरी पाण्यावर आपटते. दुसरी म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असतात. एक काठीवर, एक दोरीवर. माशी परत ओढताना दोरी रिळावर गुंडाळत नाहीत. ती हाताने ओढून पायाशी टाकत जातात. म्हणजे दहा-पंधरा मीटर मोकळ्या दोरीची वेटोळी कायम पायाशी पडलेली असतात आणि पुढच्या फेकीला ती सरसर सुटावी लागतात. वाटेत बुटाची नाडी, पाण्याची बाटली, एखादा खिळा, काहीही असो, दोरी बरोबर त्यालाच जाऊन अडकते.

ही विद्या बरीच जुनी आहे. इ.स. २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे, की मॅसिडोनियातले लोक अ‍ॅस्ट्रेयस नावाच्या नदीवर खोट्या माशीने मासे धरतात. गळाला तांबडी लोकर गुंडाळायची, तिला कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायची. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच. पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा एक प्रबंध छापला गेला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या बाईंच्या नावावर सांगितला जातो, आणि त्यात १२ माश्यांची कृती आहे, आपल्याकडे पाकक्रिया लिहाव्यात तशी. आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँग्लर' आलं १६५३ मध्ये. त्यातला माशीच्या मासेमारीवरचा खास भाग चार्ल्स कॉटनने १६७६ च्या आवृत्तीत जोडला. तोवर दोरी म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली.

एकोणिसाव्या शतकात काठीत मोठी सुधारणा झाली. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या तासायच्या आणि त्या सरसाने एकमेकींना चिकटवून काठी करायची. अमेरिकेत हे काम सुरू करणाऱ्यांत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिपी हा बंदुका बनवणारा कारागीर आघाडीवर होता, १८४० च्या दशकात. आणि सुरुवातीला हा बांबू यायचा कुठून, माहीत आहे? आपल्याकडून! 'कलकत्ता केन' याच नावाने तो ओळखला जाई. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर काठ्या फायबरग्लासच्या झाल्या, आणि १९७० च्या दशकात कार्बन फायबरच्या. साहित्य बदलत गेलं, पण एक गोष्ट या सगळ्या काळात तशीच राहिली. माशी फेकणारा माणूस काठावर किंवा कमरेएवढ्या पाण्यात, पण पायांवर उभा असतो. फ्लाय फिशिंग ही उभ्या माणसाची विद्या आहे.

कयाक ही मात्र बसलेल्या माणसाची. दुकानातला सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

कयाकचं माहेर म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश: सायबेरियाचं पूर्व टोक, अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलँड. इनुइट, युपिक आणि उनांगन (ज्यांना पूर्वी अल्यूत म्हणत) या लोकांची ही निर्मिती. ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर केकर्तासुस्सुक इथल्या उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या अशा होडीच्या सांगाड्याचे तुकडे मिळाले आहेत. या मुलखात झाडं उगवत नाहीत. लाकूड म्हणजे समुद्रातून वाहत येऊन किनाऱ्याला लागलेले ओंडके. त्यांच्या पट्ट्या तासून, वाद्यांनी बांधून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवायचं. शिवणकाम बायकांचं. जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्याने, कातड्यातून सुई आरपार न जाऊ देता घातलेली ती शिवण पाणी आत येऊ देत नसे. समुद्रात नवरा जिवंत राहणार की नाही, हे त्या टाक्यांवर ठरायचं.

माप कसं घ्यायचे, तर टेपने नाही. ज्याची कयाक त्याच्याच अंगाने. मापाची एक पद्धत अशी सांगतात: दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराच्या साधारण तिप्पट लांबी, आणि रुंदी म्हणजे त्याचं कंबरेखालचं माप अधिक दोन मुठी. गावोगावी यात फरक असे, पण तत्त्व तेच. शिंप्याने सदरा बेतावा तशी होडी बेतलेली. ग्रीनलँडची जुनी कयाक पाच मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असायची. एकाची कयाक दुसऱ्याला धड व्हायची नाही.

आता मुख्य मुद्दा. ही होडी प्रवासासाठी किंवा हौसेसाठी नव्हती, शिकारीसाठी होती. शिकारी आवाज न करता सीलच्या जवळ जायचा आणि एका हाताने भाला फेकायचा. दुसऱ्या हातात वल्हं धरलेलं. भाल्याच्या टोकाला एक लांब वादी बांधलेली. तिचं दुसरं टोक शिकाऱ्याच्या पाठीमागे ठेवलेल्या, सीलच्या कातड्याच्या फुगवलेल्या पिशवीला. भाला लागला की टोक आत रुतायचं, सील बुडी मारायचा, वादी सरसर सुटायची, आणि शिकारी ती पिशवी पाण्यात ढकलून द्यायचा. मग सील कितीही खोल गेला तरी पिशवी त्याला दमवायची आणि तो कुठे आहे ते दाखवायची.

विचार करा, ती वादी सुटताना शिकाऱ्याच्या मनगटाला किंवा वल्ह्याला अडकली तर? अर्धा मीटर रुंदीची होडी, तिला बांधलेला जखमी सील, आणि खाली गोठायला आलेलं पाणी. म्हणून ग्रीनलँडच्या कयाकवर, शिकाऱ्याच्या अगदी समोर, एक लहानशी तिवई असायची. तिच्यावर एक गोल तबक, आणि त्या तबकात वादीची वेटोळी नीट रचून ठेवलेली. वर काही नाही, आजूबाजूला काही नाही. बाकीची हत्यारं ठरलेल्या जागी, ठरलेल्या पट्ट्यांखाली.

मला वाटतं, फ्लाय फिशिंग करणाऱ्या कोणालाही ते तबक पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटेल. पायाशी दोरी पडून गुंतू नये म्हणून आज आम्ही कमरेला किंवा होडीत एक टोपली बांधतो. दुकानात ती आधुनिक सोय म्हणून विकतात. कयाकवर मोकळ्या दोरीचं करायचं काय, हा प्रश्न आर्क्टिकमधल्या लोकांनी दोरीवर जीव अवलंबून असताना केव्हाच सोडवलेला होता. कयाक ही जितकी वल्ह्यासाठी, तितकीच दोरीसाठी बांधलेली होडी आहे. एवढं कळलं की निवडीची अर्धी किल्ली हातात येते.

मग दुकानातल्या कयाकवर ते तबक का नसतं? कारण मधल्या काळात ही होडी अनेक हातांतून गेली आणि प्रत्येकाने आपल्याला नको ते काढून टाकलं.

युरोपात कयाक आधी आली ती लुटीच्या रूपाने. इंग्लंडमधल्या हल बंदराच्या ट्रिनिटी हाउसमध्ये एक कयाक जपून ठेवलेली आहे. अँड्र्यू बार्कर नावाच्या कप्तानाने १६१३ साली ग्रीनलँडच्या सफरीत ती 'उचलली', आणि तिच्यात बसलेल्या माणसासकट. माणसाचा पुढे नुसता पुतळा उरला, तो होडीत बसवून ठेवला गेला. सतराव्या शतकात असे प्रकार इतर जहाजांनीही केले.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी जॉन मॅकग्रेगर या लंडनच्या बॅरिस्टरने १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाची लाकडी होडी बांधून घेतली, कयाकसारखी झाकलेली आणि दोन पात्यांच्या वल्ह्याची. ती घेऊन तो युरोपातल्या नद्यांवर फिरला, १८६६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्ये या खेळाची लाटच आली. भाला गेला, वादी गेली, राहिलं ते फिरणं. १९०५ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने घडी करता येणारी, लाकडी सांगाडा आणि कापडी आवरणाची कयाक केली. रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेतले आणि ती घरोघरी पोचवली. पिशवीत घालून आगगाडीने न्यायची होडी! (शिंप्याच्या हाती पुन्हा गेली, हा योगायोग मला फार आवडतो.)

घडीच्या कयाकचा एक प्रवास तर आपल्या दारावरून गेला आहे. ऑस्कर स्पेक हा बेकार झालेला जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म गावाहून डॅन्यूब नदीतून निघाला, तो सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळतंय का बघायला. पण निघाला तो थांबलाच नाही. युफ्रेटिस नदी, इराणचं आखात, कराची करत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्याने सिलोनपर्यंत गेला, म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यावर कधीतरी आपल्या कोकणासमोरून ही कापडी कयाक गेलेली आहे. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या बेटांवर पोचला. तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. तिथल्या पोलिसांनी त्याचं अभिनंदन केलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ताब्यात घेतलं. सात वर्षं, सुमारे ५०,००० किलोमीटर.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, आणि १९७० च्या दशकात प्लॅस्टिक. साच्यात पॉलिएथिलीनची भुकटी घालायची, साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवायचा, की आत होडी तयार. आपल्याकडच्या गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या करतात तीच ही पद्धत. तिने कयाक स्वस्त आणि दणकट झाली. खडकावर आपटली तरी ओरखड्यावर भागतं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात टिम नीमियर याने सर्फबोर्डसारखी, आत न शिरता वर बसायची कयाक केली. उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही, पुन्हा सरळ करून वर चढता येतं. त्याची 'ओशन कयाक' ही कंपनी पुढे आमच्या वॉशिंग्टन राज्यात फर्न्डेलला आली. १९९७ मध्ये होबी कंपनीने पेंग्विनच्या पंखांसारखी हलणारी, पायाने चालवायची यंत्रणा आणली आणि हात मोकळे झाले.

इथे कयाकचा एक फेरा पूर्ण झाला. हौसेची होडी पुन्हा मासेमारीची झाली. फक्त ती आता कोणा एकाच्या अंगाच्या मापाची राहिली नव्हती, आणि तिच्यावर भरपूर सामान चढलं होतं: काठ्या उभ्या करायच्या नळ्या, मासे शोधणारा पडदा, पेल्याची जागा, हुक, हँडल, रूळ. नेहमीच्या गळाला यातलं काही आड येत नाही. मोकळ्या दोरीला मात्र यातली प्रत्येक वस्तू म्हणजे बाभळीचं झाड.

आता या इतिहासाच्या उजेडात निवडीकडे वळू.

पहिला प्रश्न रुंदीचा. होडी किती 'डुगडुगते' हे बाकी गोष्टी सारख्या धरल्या तर रुंदीच्या घनावर ठरतं. ५० सेंटिमीटरची कयाक ९० सेंटिमीटरची केली, तर रुंदी १.८ पट झाली, पण कलंडायला होणारा तो विरोध १.८ चा घन, म्हणजे जवळजवळ सहापट झाला. उभं राहायचं असेल तर हे सहापट लागतंच, कारण बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून वीतभर वर असतो आणि उभ्याचा बेंबीपाशी. म्हणूनच उभ्याने फ्लाय फिशिंग करायच्या कयाक ८५ ते १०० सेंटिमीटर रुंद असतात. पण फुकट काहीच मिळत नाही. रुंद होडी संथ चालते, वाऱ्याने भरकटते आणि वजनाला चाळीस किलोच्या घरात जाते. ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवणं म्हणजे तालीमच. आपल्या मालवणकडच्या मच्छीमारांनी अरुंद होडीला उलांडी जोडून हाच प्रश्न किती सुटसुटीत सोडवला आहे! इथेही कयाकला उलांडीसारखे तरंगते दांडे लावणारे आहेत. पण फ्लायवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. दोरी अडकायला आणखी एक जागा होते.

दुसरा प्रश्न पायडलचा. शिकाऱ्याला भाल्यासाठी एकच हात लागायचा, आम्हाला दोन्ही लागतात. म्हणून पायडल फार मोहात पाडतं. वारा असला तरी होडी जागेवर धरता येते. पण ती यंत्रणा बसते नेमकी दोन पायांच्या मध्ये, जिथे दोरी पडते, आणि खाली पंख असल्याने उथळ पाण्यात अडते. मी ज्या माशाच्या मागे असतो तो किनाऱ्यालगत, गुडघाभर-कमरभर पाण्यातच फिरतो. तेव्हा माझ्यापुरता हा प्रश्न वल्ह्याच्या बाजूने सुटला.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: समोरचा भाग मोकळा आहे का? यासाठी मी दुकानात एक साधी परीक्षा घेतो. कयाकमध्ये बसायचं, पंधरा मीटर दोरी पायाशी टाकायची आणि एका टोकाने सरसर ओढायची. किती वेळा अडकते ते मोजायचं. विक्रेते विचित्र नजरेने बघतात, बघू देत. या एका परीक्षेने माझ्या यादीतल्या बहुतेक महागड्या कयाक बाद झाल्या, कारण किंमत वाढते तसं वरचं सामान वाढतं.

चौथी गोष्ट होडीची नाही, पाण्याची. प्युजेट साउंड ही आमची मोठी खाडी. तिचं पाणी वर्षभर साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअस असतं. त्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, आणि थोड्या वेळात बोटं वळेनाशी होतात. इनुइट शिकारी 'तुइलिक' नावाचा कातडी झगा घालायचे. तो मनगटाला, चेहऱ्याभोवती आणि होडीच्या तोंडाभोवती घट्ट आवळलेला असे, म्हणजे माणूस आणि होडी मिळून एकच बंद डबा. उलटलं तर होडीतून बाहेर न पडता, आतूनच गिरकी घेऊन सरळ व्हायचं. वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने, नुसत्या हाताने, वल्हं वादीत अडकलं असं धरून, अशा तीसहून अधिक गिरक्या तिथे आजही स्पर्धेत करून दाखवतात. आम्ही वर बसणारे लोक गिरकी घेऊ शकत नाही, तेव्हा ड्राय सूट आणि लाइफ जॅकेट यांचा खर्च होडीच्या किमतीतच धरावा. होडी स्वस्त घ्यावी, पण यात काटकसर नको.

आणि शांत पाण्याचीही एक भीती आहे. ग्रीनलँडमध्ये डॉक्टरांनी एक विकार नोंदवलेला आहे. वारा नाही, समुद्र आरशासारखा, शिकारी एकटा, बराच वेळ हालचाल न करता बसलेला. अशा वेळी अनुभवी शिकाऱ्यालाही एकाएकी वर-खाली कळेनासं होई, होडीत पाणी भरतंय असा भास होई आणि तो जागच्या जागी गोठून जाई. काहींनी त्यानंतर कयाकला हात लावला नाही. मासे मिळत नसले तरी अधूनमधून हालचाल करावी, ही माझी सवय तिथून आली आहे.

देवगडच्या माझ्या मावसभावाला फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासो गावता तरी काय?" मी म्हटलं, किनाऱ्यालगतचा कटथ्रोट ट्राउट, पण इथल्या खाऱ्या पाण्यात तो धरला तर परत सोडावा लागतो, तसा नियमच आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "धरून परत सोडतंस? मग गेलंस कित्याक?" कोकणातला गरवायला जाणारा माणूस संध्याकाळच्या कालवणासाठी जातो. त्याला काय उत्तर द्यायचं?

पण हाच प्रश्न कयाकच्या मूळ मालकांनीही आम्हाला विचारावा असा आहे, आणि त्यांचा प्रश्न अधिक जड आहे. अठराव्या शतकात रशियन व्यापाऱ्यांनी उनांगन शिकाऱ्यांना समुद्री ऊद मारायला जबरदस्तीने जुंपलं, कारण कयाकमधून ते काम त्यांच्यासारखं कोणालाच येत नव्हतं. कातडी चीनला गेली, ऊद संपत आले, आणि जुलूम आणि रोगराई यांनी उनांगनही. त्यांची कयाक एके काळी नुसती संग्रहालयात उरली. ग्रीनलँडमध्ये विसाव्या शतकात मोटारबोटी आल्या आणि कयाक मागे पडली. १९८० च्या दशकात नूक शहरातल्या तरुणांनी ती पुन्हा बांधायला घेतली, जुनी मापं आणि म्हातारी माणसं शोधून. क्लब निघाले, १९८५ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. आणि ग्रीनलँडच्या अगदी उत्तरेला, कानाक भागात, नार्व्हाल या देवमाशाची शिकार अजूनही कयाकमधून, हाताने भाला फेकून होते. तिथे ते तबक अजून कामाचं आहे.

तर शेवटी मी काय घेतलं? १२ फूट लांब, ८५ सेंटिमीटर रुंद, वर बसायची, वल्ह्याची, समोर पूर्ण सपाट आणि रिकामी अशी एक साधी कयाक. वारा पडलेला असला तर उभा राहतो. एरवी बसून, नेहमीच्या नऊ फुटांऐवजी दहा फुटांची काठी वापरतो, म्हणजे मागची दोरी पाण्याला लागत नाही. वल्हं शिकाऱ्यासारखं पट्टीखाली सरकवून ठेवतो. आणि समोर, गुडघ्यांच्या जरा पुढे, एक उथळ गोल टोपली बांधली आहे. दोरी तिच्यात.

तुमच्यापैकी कोणी आपल्याकडच्या खाडीत किंवा धरणाच्या पाण्यात हा उद्योग करायचं ठरवलं, तर माझा सल्ला एवढाच: आधी दोरीची जागा बघा, मग होडी. माझी दोरी अडकली तर एक फेक वाया जाते, आणि सुटलेला मासा तसाही मी सोडूनच देणार असतो. ज्यांनी ही होडी आपल्या अंगाच्या मापाने बांधली त्यांची दोरी अडकली, तर घरी शिवण घालणारी बाई किनाऱ्यावर वाट बघत राहायची. त्या भीतीने शिकवलेल्या गोष्टी आपल्याला आयत्या मिळाल्या आहेत, तेव्हा त्या नीट वापराव्यात.